संकोचाचा झगा

मी संकोच. खरं तर संकोचाचा झगा, पण आमच्या स्टुडिओत मला झगा असं कोणी म्हणत नाही. 'संकोच कुठे टांगलाय?', 'संकोचाला इस्त्री करा' असंच बोलतात. ऐकून ऐकून ते नाव माझंच झालं.

तुमच्यापैकी काही जणांनी मला पाहिलंही असेल. संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर 'आतली मंडळी' नावाची विनोदी मालिका लागते, तिच्यात मी असतो. गिरगावात राहणारा, विमा कंपनीत नोकरी करणारा अनिमेष नावाचा एक बुजरा माणूस आहे. त्याच्या मनात जे काही चालतं, ते माणसं होऊन त्याच्याभोवती फिरत असतं. राग नेहमी बनियनवर असतो. हौस पिवळी साडी नेसून गॉगल लावते. भीती घरातसुद्धा छत्री उघडून बसते. अनिमेषला यातलं कोणीच दिसत नाही, फक्त तुम्हाला दिसतं. म्हणून तुम्ही हसता.

मला लालबागच्या दगडूकाकांनी शिवलं. कापड करड्या रंगाचं, पडद्याचं उरलेलं. बाह्या त्यांनी मुद्दाम चार बोटं लांब ठेवल्या, म्हणजे हात दिसू नयेत. टोपी भुवयांपर्यंत आणली आणि तोंडावर एक पट्टी लावली, कारण मालिकेतला संकोच बोलत नाही. अनिमेष काही बोलायला गेला, की मागून त्याचा शर्ट ओढायचा, एवढंच त्याचं काम.

"हे घालून श्वास कसा घेणार?" दगडूकाकांनी विचारलं होतं.

"संकोचाला कुठे श्वास घेता येतो, काका?" दिग्दर्शिका मधुराताई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

माझ्या आत अक्षता आली. करी रोडच्या चाळीतली, अठरा वर्षांची. निवड चाचणीला तिला नाव विचारलं, तेव्हा ती दोन मिनिटं ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मधुराताईंनी तिथेच तिला पक्कं केलं. आपण नापास झालो असं समजून ती जिना उतरून गेलीसुद्धा होती. तिला हाका मारून परत आणावं लागलं.

आमच्या सेटवर एक नियम होता. भावना कोणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. चुकून कोणाची नजर गेली की मधुराताई ओरडायच्या, "कट! कोणी बघितलं?" मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांत लोकांना अशी सवय लागली, की चहाच्या सुट्टीतही आमच्यावरून त्यांची नजर सरळ घसरून जायची. राग आणि हौस मोठ्याने बोलणारे होते, ते स्वतःचा चहा मागून घ्यायचे. अक्षतापुढून किटली कित्येकदा तशीच पुढे गेली. ती काही बोलायची नाही. मला मात्र तिच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची.

कोणी वाईट नव्हतं, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. अनिमेषचं काम करणारा सिद्धार्थ तर तिला घरून आणलेले लाडू द्यायचा. पण तेही पुढे बघूनच, हात मागे करून.

मग अक्षताच्या आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारी, दुपारी साडेचारला, परळच्या एका हॉस्पिटलात. स्टुडिओपासून चालत दहा मिनिटं. सही करायला, औषधं आणायला मामा होता. आईने, सुभद्राबाईंनी, लेकीकडे एवढंच मागितलं होतं, "माका आत नेवच्या आधी एकदा तोंड दाखवन जा गो. माका भ्या वाटता."

अक्षता म्हणाली होती, "येते."

तिला फक्त सुट्टी मागायची होती. शुक्रवारपासून ती मेकअपच्या खोलीत माझ्या पट्टीत पुटपुटत होती. "मधुराताई, मंगळवारी दुपारी मला जायला हवं." वाक्य पाठ होतं. शनिवारी ती मधुराताईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्या अंगावर होतो. मधुराताई कागद वाचत होत्या. त्यांनी पान उलटलं, मग दुसरं उलटलं. पाच मिनिटांनी अक्षता मागे फिरली.

सोमवारी तिने सिद्धार्थला गाठलं. "दादा, एक बोलायचं होतं."

"अरे बापरे," तो आरशात केस नीट करत म्हणाला. "संकोच बोलायला लागला तर माझी नोकरी गेली. बोल, बोल."

ती हसली आणि "काही नाही" म्हणाली. मी तेव्हा खुंटीवर होतो. माझ्या चार बोटं लांब बाह्या लोंबत होत्या. त्यातली एक जरी मला हलवता आली असती, तर मी त्याचा शर्ट ओढला असता.

मंगळवार उजाडला. त्या दिवशी कॅन्टीनचा प्रसंग होता. अनिमेष मनवा नावाच्या मुलीला 'माझ्याबरोबर जेवशील का' असं विचारायला जातो, आणि संकोच त्याला मागे खेचतो. दिवे लावण्यात वेळ गेला. पावणेचार वाजले. अक्षताचं काळीज माझ्या अस्तरावर धडधडत होतं. "ॲक्शन" झालं. सिद्धार्थ मनवापुढे उभा राहिला, त्याने तोंड उघडलं. अक्षताने शर्ट धरला, पण ओढला नाही. तिने माझी पट्टी खाली केली.

"मला जायला हवं," ती म्हणाली. आवाज चिरका आला. "आईला आत नेतील. मी येते म्हणून सांगितलंय तिला. मला जाऊ द्या."

सिद्धार्थ मुरलेला नट. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, नजर मनवावरच ठेवली, आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आता हाही चालला? मग मी एकट्याने कसं बोलू?"

सगळा सेट हसला. दिव्यावरची माणसंसुद्धा हसली.

"कट! ओके!" मधुराताई खुर्चीतून उठून आल्या. "अक्षता, कमाल केलीस. कुठे लपवलं होतंस हे? घरून ठरवून आलीस ना?"

टाळ्या पडल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा सगळे तिच्याकडे बघत होते. मला आतून कळलं, तिचे खांदे थोडे सैल झाले, गाल गरम झाले. आणि ती म्हणाली, "हो."

तेवढा एक शब्द. मी पट्टी होऊन तिच्या हनुवटीखाली होतो. पुन्हा वर चढून मी तो शब्द अडवायला हवा होता.

"मग आता जवळून घेऊ. अगदी तस्संच म्हण."

तिने ते जवळून म्हटलं. मग डाव्या बाजूने म्हटलं. मग मनवाचा चेहरा टिपायचा होता म्हणून कॅमेऱ्यामागे उभं राहून म्हटलं. प्रत्येक वेळी "मला जाऊ द्या" म्हणताना तिचे डोळे भरत होते, आणि प्रत्येक वेळी मधुराताई म्हणत होत्या, "सुंदर."

सुटली तेव्हा पाच वाजत आले होते. मला उतरवायचं भान तिला नव्हतं. ती माझ्यासकट धावली. मी पहिल्यांदाच स्टुडिओबाहेरच्या उन्हात आलो होतो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. हॉस्पिटलच्या दारातल्या रखवालदाराने हात आडवा केला. "शूटिंग आहे का मॅडम? परवानगी दाखवा." ती टोपी काढून नुसतं "आई, आई" म्हणत राहिली, तेव्हा त्याने सोडलं.

सुभद्राबाईंना आत नेलेलं होतं. मामा बाकावर बसला होता. तो म्हणाला, "दाराकडे बघत होती सारखी. शेवटी नर्सला म्हणाली, माझी पोरगी सिरियलमध्ये आहे, तिला सुट्टी नसते."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर आई रागावल्या नाहीत. "काम महत्त्वाचा," एवढंच म्हणाल्या. अक्षताने त्यांना खरं काय घडलं ते सांगितलं नाही. तो शब्द, 'हो', सांगायचा कसा?

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो भाग टीव्हीवर लागला. दगडूकाका गावी गेले होते आणि माझी शिवण उसवली होती, म्हणून अक्षताने मला टाके घालायला घरी आणलं होतं. खोलीत शेजारच्या लतिकाकाकू आणि आणखी चार-पाच जणी जमल्या होत्या. सुभद्राबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मी अक्षताच्या मांडीवर होतो, सुई माझ्यात होती.

पडद्यावर ती बोलली. मागून हसण्याचा आवाज जोडलेला होता, खूप माणसांचा. लतिकाकाकू हसता हसता ठसकल्या. "बाई गं, ही कार्टी घरात तोंड उघडत नाही, आणि तिकडे बघा."

एकट्या सुभद्राबाई हसल्या नाहीत. बायका गेल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या कधी केलंस गो?"

"त्याच दिवशी."

"किती वाजता?"

"पावणेचारला."

"माका साडेचाराक नेल्यानी," आई म्हणाल्या. मग हात लांब करून त्यांनी अक्षताच्या हातातली सुई काढून घेतली आणि टाका स्वतः घालू लागल्या. पोटाला ताण पडत होता, तरी सोडेनात. अक्षताने माझी उसवलेली कड ताणून धरली.

तो भाग लोकांना फार आवडला. म्हणून आता ते वाक्य मालिकेच्या कागदावरच आलं आहे. दर भागात एकदा अनिमेषची पंचाईत होते, संकोच पट्टी खाली करतो आणि म्हणतो, "मला जायला हवं." लालबागमध्ये मुलं खेळताना ते म्हणतात. अक्षताला रस्त्यात थांबवून म्हणायला लावतात, आणि ती म्हणते. चहाची किटलीही आता तिच्यापुढे थांबते. तिचा करार दिवाळीपर्यंतचा आहे.

आज मी मेकअपच्या खोलीत, त्याच खुंटीवर आहे. आईच्या टाक्यांची ओळ जरा वाकडी आली आहे, पण धरून आहे. ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी पुढच्या सोमवारी आईला हॉस्पिटलात न्यायचं आहे, सकाळी अकराला. सकाळपासून अक्षता आरशापुढे बसून ओठ हलवते आहे. तिला सुट्टी मागायची आहे, आणि त्यासाठी तिच्याजवळ एकच वाक्य होतं. ते आता ऐकलं की सगळे हसतात.

दुसरं वाक्य मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं, तर सोमवारच्या आधी तिला सांगा.