लादीचा गाभा

मार्गशीर्षात खाडीवर ऊन उशिरा उतरतं. आधी पलीकडच्या टेकडीवर येतं, मग कांदळवनावर, मग नांगरलेल्या होड्यांच्या काठ्यांवर, आणि अगदी शेवटी आमच्या कारखान्याच्या पत्र्यावर. पत्रा तापू लागला की आतला गारठा जास्त जाणवतो. बाहेर ऊन, आत बर्फ. मध्ये मी, सव्वीस वर्षं.

मी बर्फ करतो. गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे साचे मिठाच्या थंडगार पाण्यात सोडायचे, यंत्र चालू ठेवायचं आणि वाट बघायची. एक दिवस सरला की पाण्याची लादी होते. मचवे बर्फ घेऊन समुद्रात जायचे आणि मासळी घेऊन परत यायचे. बंदरावर म्हणायचे, मायनाकांची लादी तीन दिवस दम धरते.

लोक म्हणतात, मंदी आली. मला हा शब्द खोटा वाटतो. मंद म्हणजे हळू. इथं हळू काहीच झालं नाही. मासळी भराभर आटली, मचवे भराभर विकले गेले, विजेचा दर भराभर चढला. हळू होतो तो एकटा मी.

आणि जनार्दन चोगले सगळ्यांत भरभर. चार मचव्यांचा मालक, लहानपणी याच धक्क्यावर माझ्या लाद्यांचे तुकडे चोखत हिंडलेला. त्याने धक्क्याला लागून स्वतःचा कारखाना टाकला. त्याच्या यंत्रातून थेट चुराच पडतो, लादी फोडायची कटकट नाही. दोन हंगाम त्याने बर्फ माझ्या निम्म्या दराने दिला. तिसऱ्या हंगामात दर माझ्याही वर नेला. तोवर माझे अर्धे साचे कोरडे पडले होते.

त्याच सुमारास बँकेचे साहेब घरी चहाला आले. म्हणाले, "मायनाक, घाबरताय काय? धंदा वाढवा!"

माझी बायको कुमुद कपबशा उचलत होती. ती हसली. "आमच्याकडे दिवा वाढवतात, साहेब. बांगडी वाढवतात. दुकानसुद्धा रोज रात्री वाढवतात. धंदा तेवढा वाढवायला सांगू नका."

विझवणं, फुटणं, बंद करणं तोंडातून काढू नये, म्हणून आपण वाढवणं म्हणतो. साहेबही हसले. मी कर्ज काढलं, दुसरी टाकी बांधली. धंदा वाढला. कुमुदच्या अर्थाने.

आश्विनात ती गेली. हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू, हिरवं लुगडं. सवाष्ण गेली, भाग्याची, असं बायका म्हणाल्या. खरंच, तिचं काहीच वाढवावं लागलं नाही. वाढवायचं ते सगळं माझ्यासाठी ठेवून गेली.

मुलगी बडोद्याहून येईपर्यंत तिला ठेवायचं होतं. जन्मभर गारठ्याला भ्यायलेली बाई, कारखान्यात आली की पदर कानांवरून घट्ट ओढणारी. तिला माझ्याच चार लाद्यांवर ठेवलं. मयताच्या बर्फाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम तिचाच. सव्वीस वर्षं आम्ही तो पाळला.

आज शेवटचा दिवस. उद्या भंगारवाला यंत्र उचलायला येणार. कामगार गेले, उरला एक कासमभाई. पहिल्या दिवशी यंत्र त्यानेच सुरू केलं होतं.

"आबा, बाराला बंद करू काय?"

"कर."

"टाकीत वीस साचे आहेत. गाभा नाही धरला अजून."

"धरून कुणाला द्यायचाय?"

तो टाकीकडे वळला. लादी बाहेरून आत गोठते. कडा आधी, गाभा शेवटी. वरून पाहिलं तर दगड, आत पाणी. अशी पोकळ लादी भार पडला की मधोमध बसते आणि वर ठेवलेलं कलंडतं.

बाराला दहा कमी असताना दारात जनार्दन उभा राहिला. अनवाणी. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"आबा, आई गेली."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"सकाळी गेली. भाऊ मस्कतला आहे, उद्या दुपारी पोचेल. चार लाद्या हव्या होत्या."

कासमभाईने हात पुसले. "शेठ, तुमच्याकडे तर चुऱ्याचा डोंगर आहे."

"चुऱ्यावर आईला कशी ठेवू, कासमभाई? बघता बघता पाणी होतं त्याचं."

"हेच आम्ही बंदरावर बोंबलून सांगत होतो. तेव्हा तुम्हाला ऐकू आलं नाही."

जनार्दनने मान खाली घातली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आश्विनापासून पहिल्यांदा काहीतरी गोड लागलं, आणि ते त्याचं दुःख होतं.

कासमभाईने एका साच्यात काठी खुपसली. ओली निघाली. "चारपर्यंत चालवलं तर गाभा धरेल. आत्ता काढल्या तर पोकळ." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. कळ त्याच्या हाताशी होती.

मला काही करायचंसुद्धा नव्हतं. बारा वाजू द्यायचे, ठरल्याप्रमाणे यंत्र थांबवायचं, मागतोय तर चार लाद्या द्यायच्या. वरून पांढऱ्या, चकचकीत, चोख. पुढचं त्याच्या ओटीवर, त्याच्या माणसांसमोर झालं असतं. मला कुणी बोट दाखवलं नसतं.

कुमुदच्या वेळी कासमभाई प्रत्येक लादीवर कान टेकून उभा होता. ठोकत होता, ऐकत होता, पुन्हा ठोकत होता. ती जराही कलली नव्हती.

"चालू दे," मी म्हणालो.

यंत्र चालू राहिलं. जनार्दन घरी गेला नाही, दारातल्या पालथ्या पाटीवर बसून राहिला. ऊन त्याच्या पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं, पुढे सरकलं.

मग तो म्हणाला, "काकींच्या वेळी मी आलो नाही."

"माहीत आहे. मी त्या दिवशी तेवढंच बघत होतो, कोण आलं नाही ते."

"तोंड नव्हतं दाखवायला."

"आज आहे?"

त्याने सदऱ्याची बटणं सोडली आणि नीट लावली.

चारला काठी कोरडी निघाली. लाद्या बाहेर आल्या, निळसर, जड, धुरासारख्या वाफाळत्या. उचलायला हमाल नव्हते. जनार्दनने गोणपाट खांद्यावर घेतलं, लादीचं एक टोक त्याने धरलं, एक मी. थंडी चटका देते. तो चटका आम्ही चार वेळा बरोबर सोसला, बारा पावलं जाताना, एकमेकांकडे न बघता. त्याच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं.

बाहेर उभ्या त्याच्या टेम्पोत चारही ठेवल्यावर त्याने खिशातून नोटा काढल्या. मी हात मागे घेतला.

"घ्या आबा. मला बरं वाटेल."

"म्हणूनच नको."

कुमुदनेही पैसे घेतले नसते. पण तिने घेतले नसते ते मयताकडे बघून. मी घेतले नाहीत ते जनार्दनकडे बघून. नियम तोच राहिला, त्याचा गाभा मात्र माझ्याकडून धरला गेला नाही.

टेम्पो गेला. कासमभाईने कळ खाली ओढली.

दरवर्षी ज्येष्ठात मासेमारी थांबली की यंत्रही थांबायचं, आणि पाइपांवर साठलेलं पांढरं हिम सुटू लागायचं. कुमुद तेव्हा खाली बादल्या मांडायची. गोडं पाणी आहे, म्हणायची, अबोलीला होईल. मग दिवसभर आत बादल्या वाजत राहायच्या, वेगवेगळ्या सुरांत.

आज आधी एक थेंब पडला. मग दुसरा. मग छतापासून जमिनीपर्यंत सगळा पांढरा रंग उतरू लागला. आवाज कसलाच झाला नाही. बादल्या मांडलेल्या नव्हत्या. पाणी फरशीवर आलं, माझ्या पायांना गार लागलं, पायांना वळसा घालून दाराशी गेलं, दाराच्या फटीतून उन्हात, उन्हातून उतारावर, आणि उतारावरून, कुणाच्याही कामी न येता, खाऱ्या खाडीत.