मेंढरांचा आकडा

फोन वाजला तशी बनाबाईनं पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि पहिली रिंग संपायच्या आत तो कानाला लावला.

"आई, जेवलात का?"

"बसतीया बघ आता. तू जेवलीस का?"

महिनाभर रोज दुपारी समीक्षाचा फोन येत होता. पोराच्या, बिरदेवच्या साहेबांची बायको, अशी तिनं ओळख सांगितली होती. बनाबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पण गुडघा कधी धरतो, कुठली शेळी व्याली, सगळं तिला सांगून झालं होतं. नवरा, दादासो गेल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं कोण? पोराचा फोन रविवारी, तोही घाईत. बिरदेव फौजेतल्या कॉम्प्युटरांची राखण करायचा. "आता दुश्मन तारंतनं येतो, आये," सुट्टीवर आला तेव्हा त्यानं जेवताजेवता सांगितलं होतं. सोबत्यांची नावंही सांगितली होती.

"आई, बिरदेवभाऊंच्या खोलीत सगळ्यांना फराळ पाठवीन म्हणते. किती जण असतात हो? नावं काय त्यांची? आमचे हे काही सांगतच नाहीत."

नावं बनाबाईच्या जिभेवर आली आणि तिथंच थांबली. लग्नानंतर ती पहिल्यांदा मेंढरांमागं निघाली, तेव्हा सासऱ्यानं बजावलं होतं : मेंढरं किती, ते वाटेवरच्या माणसाला सांगायचं नाही. गोड बोलणाऱ्याला तर मुळीच नाही.

"हायती की थोडी," ती म्हणाली.

"सांगा ना आई. मी परकी आहे का?"

हिला परकी म्हणावं, तर आपलं म्हणायला उरतं कोण? तव्यावरची भाकरी करपत होती.

"समीक्षा, तुजी आई हाय का गं?"

बनाबाईनं करपती भाकरी तव्यावरनं काढली.

"आहे."

"तिला इचारतीस का, जेवलीस का म्हणून?"

फोन बंद झाला.

रविवारी तिनं बिरदेवला सगळं सांगितलं. कधी नव्हे तो बराच वेळ बोलला. ती बाई काय म्हणाली, कवापासून, अजून काय इचारलं, एकेक खोदून विचारलं.

"लय चांगलं केलंस, आये. तुजा नंबर बदलाय पायजे. भाऊसोला सांगतो. ठेवू?"

"ठेव."

दुसऱ्या दिवशी पुतण्या भाऊसो येऊन नवं कार्ड घालून गेला. तो नंबर बिरदेवशिवाय कुणाला द्यायचा नव्हता. दुपारी बनाबाई भाकऱ्या थापायला बसली. मध्येच तिनं हात पुसला आणि फोन चुलीजवळ ओढून ठेवला.