वडिलांची बारा मिनिटं

चष्मेवाल्याच्या बैठकीत बसायला एकच खुर्ची होती. कोणी आलं तर त्याने दारातल्या स्टुलावर टेकावं, नाहीतर उभ्याउभ्या बोलून वाटेला लागावं. पूर्वी तिथे चांगला तिघांचा सोफा होता. पण दोन स्पीकरांपासून सारख्या अंतरावर जी जागा येते ती एकाच माणसाच्या बुडाएवढी असते, आणि सोफ्याच्या गादीत आवाज मुरतो, असं स्पीकरच्या दुकानदाराने सांगितलं आणि सोफा गेला.

"घरात माणसं दोन, खुर्ची एक," बायको म्हणाली. "मी काय खिळ्याला टांगून घेऊ?"

"तू ऐकतेस कुठे? तू स्वयंपाकघरात असतेस."

"असते कुठली! दार लावून कोंडता मला. मिक्सर लावला तरी तुमच्या आवाजात खडे पडतात."

हे सगळं वडिलांच्या आवाजापायी सुरू झालं होतं, हे खोटं नाही. वडील शिंपी. दिवसभर मशीनवर मान मोडायची, आणि आठवड्यातून एकदा सभागृहात उभं राहून गात गात प्रवचन करायचं. त्यांची एक रीत होती. दर खेपेला सुरुवातीला नवं पद, आणि तेही त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या साध्या गोष्टीवरून बांधलेलं. गळका नळ, सुईचं नेढं, उसवलेला खिसा, काहीही. नळावरून निघायचे ते बघता बघता देवापाशी पोचायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, अरे, हा नळ आपल्याही घरात आहे की! पद लिहून ठेवा म्हटलं तर हसायचे. "देवाने दिलं, देवाच्या कानी गेलं. मध्ये कागदाला कशाला दलाली?"

शेवटचं प्रवचन मात्र एका भल्या माणसाने कॅसेटवर उतरवून घेतलं. पुढच्याच आठवड्यात वडील गेले. अंत्यविधीला आलेली माणसं चष्मेवाल्याच्या धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगत होती, "अरे, त्या दिवशी तू हवा होतास. वडिलांनी तुझ्यावर पद बांधलं होतं. लिफ्टवर!"

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या संध्याकाळी तो कुठल्याशा इमारतीत, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या दोन म्हाताऱ्यांना बाहेर काढत होता. वडिलांनी उभ्या जन्मात त्याच्या कामाचं तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं. काळ्या हातांनी जेवायला बसलास, एवढंच म्हणायचे. आणि जाता जाता त्याच काळ्या हातांवरून ते देवापर्यंत गेले होते.

कॅसेट थोरल्याकडे, म्हणजे चष्मेवाल्याकडे राहिली, कारण वडील त्याच्याकडेच राहायचे.

"दादा, मला एक कॉपी करून दे," धाकटा म्हणाला.

"देतो की. पण या डबड्यावर नको. वडिलांच्या तोंडावर फडकं बांधल्यासारखं उतरेल. आधी एक बरी सिस्टीम घेतो, मग झकास कॉपी काढू."

मनात पाप नव्हतं. पाप मागाहून आलं, आणि आलं तेही चोरपावलांनी.

पहिली सिस्टीम आली तेव्हा धाकट्याने दोन सुट्ट्या खर्ची घालून भिंतीला खाचा पाडल्या आणि स्पीकरच्या वायरी आतून नेल्या. शेवटचा जोड तेवढा राहिला होता. "उद्या सेल लावून तपासतो, मग बुजव," असं सांगून तो कामावर गेला. पण रंगारी खोळंबला होता. चष्मेवाल्याने तो जोड स्वतःच पिळला, वर गिलावा फासला आणि रंग मारून घेतला.

धाकटा आला तेव्हा वडील वाजत होते. आवाज घरभर होता, पण माणूस कुठेच नव्हता. कधी छतातून बोलल्यासारखं, कधी कपाटाच्या मागून. चष्मेवाला दर दोन ओळींनी कॅसेट थांबवी, स्पीकर इंचभर सरकवी, पुन्हा मागे नेई. धाकट्याला पद सलग काही ऐकायला मिळेना.

"दादा, डावा उलटा लागलाय. एक बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय. बाजूला सर, दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नकोस! लिफ्ट नव्हे ती. तीस वर्षं मोटारींच्या घरघरीत काढलीस, तुला कुठे कान राहिलाय? वडीलसुद्धा म्हणायचे, याला सूर नाही म्हणून."

धाकट्याने हातातला पाना पिशवीत टाकला. "सूर नसेल, पण तारेची अक्कल आहे," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याचा फक्त निरोप यायचा, तोही वहिनीकडे. कॉपी झाली का?

झाली नव्हती. सिस्टीम अजून लागली कुठे होती!

आणि खरं सांगायचं तर त्या न लागण्यात एक गोडी होती. नवा अँप्लिफायर आला की खोका फोडताना जो वास येतो, जड पेटी दोन्ही हातांनी उचलून ठेवताना छाती जशी भरून येते, बटण कसं लोण्यात सुरी फिरावी तसं फिरतं, हे ज्याने अनुभवलं त्यालाच ठाऊक. पहिले आठ दिवस सगळं नवं ऐकू येतं. वडिलांच्या मागे कोणाची तरी खुर्ची करकरते, तीही आता कळते! नवव्या दिवशी मन म्हणतं, सगळं खरं, पण वडील अजून मध्ये उभे राहत नाहीत.

चष्मेवाल्याचा धंदाच तो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंग बदलायचं आणि विचारायचं, "हे स्पष्ट की ते?" घरी तो स्वतःलाच गिऱ्हाईक करी. ही वायर की ती? हा कॅसेट-डेक की तो? आणि तपासायला नेहमी एकच गोष्ट, वडिलांच्या कॅसेटची पहिली बारा मिनिटं. पद संपलं की कॅसेट मागे. पुन्हा पहिल्यापासून. पुढे निरूपण होतं, पण त्यात कस लावायला गाणं नव्हतं, म्हणून तिकडे तो कधी गेलाच नाही.

दुकानदाराला बायकोने कानमंत्र असं नाव ठेवलं होतं. कानमंत्राची जीभ मोठी रेशमी. "साहेब, तुमच्यासारखा कान शंभरात एकाला. दुसऱ्याला हा फरक कळणारही नाही."

"पण आवाज अलीकडे मंद वाटतो हो. शब्दांना धार नाही."

"वाटणारच! तुमचा कान पुढे गेला, मशीन मागे राहिलं."

दरवर्षी वडील थोडे आणखी मंद होत, आणि दरवर्षी मशीन कमी पडतंय असं ठरे. नवं मशीन, नव्या मशीनवर पुन्हा तीच बारा मिनिटं, शेकडो वेळा. चष्मेवाला मोठा निगुतीचा. दर आठवड्याला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डेकचं हेड, म्हणजे फीत ज्याला टेकून जाते तो भाग, पुसायचा. बोळ्यावर तपकिरी डाग उमटला की बायकोला दाखवायचा. "बघ, केवढा मळ! लोक पुसत नाहीत, आणि मग म्हणतात आवाज बिघडला."

अशी सहा वर्षं गेली.

आणि एका सुट्टीच्या दुपारी धाकटा दारात उभा राहिला. हातात पिशवी, केस पांढरे झालेले.

"बदली झाली दादा. लांब जातोय. संध्याकाळची गाडी आहे. कॉपी आज हवी. रेकॉर्डर मी आणलाय."

चष्मेवाला गडबडला. "आज? अरे, पुढच्या महिन्यात नवा डेक येतोय. मग बघ कशी—"

"अहो," बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि या खेपेला तिने मागे दार लावलं नाही. "सहा वर्षं तो माझ्याकडे विचारतोय, आणि मी सहा वर्षं खोटं बोलतेय. आज त्याला काय करायचं ते करू द्या, नाहीतर मी पण त्याच्याबरोबर गाडीत बसते."

धाकट्याने परवानगी मागितली नाही. खिशातून टॉर्चचा सेल काढला, अँप्लिफायरमागच्या उजव्या वायरीची दोन टोकं सेलला टेकवली. उजव्या स्पीकरचा पडदा टुक करून बाहेर आला. मग डावी. डावा पडदा टुक करून आत गेला. लहान मुलालाही दिसावं इतकं स्पष्ट. त्याने डावीची दोन टोकं अदलाबदल करून बसवली आणि हात झटकले.

"एवढंच?" बायको म्हणाली. "मग त्या कानमंत्राला कळलं नसेल हे?"

"कळलं असतं तर पुढचा खोका कसा खपला असता, वहिनी?"

चष्मेवाल्याच्या कानात यातलं काही गेलं नाही. त्याने कॅसेट लावली आणि खुर्चीत बसला. आणि वडील आले. छतातून नव्हे, कपाटामागून नव्हे. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, जिवंत माणूस उभा राहावा तसे उभे राहिले.

"बघ! उभे राहिले!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, मध्ये उभे आहेत!"

धाकटा स्टुलावर पुढे वाकून ऐकत होता. दोन मिनिटं गेली. चार गेली.

"दादा, शब्द कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"नुसती गुणगुण ऐकू येतेय. पांघरुणाखालून गायल्यासारखी. मध्येच आवाज जातोय. आता 'दोर' असं काहीतरी म्हणाले, मग पुन्हा खड्डा."

आता चष्मेवाल्यालाही ते ऐकू आलं. इतकी वर्षं आवाज घरभर सांडलेला होता म्हणून कळलं नव्हतं. आता वडील समोर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडात शब्द नव्हते.

धाकट्याने कॅसेट बाहेर काढली आणि उजेडात धरली. चकचकीत तपकिरी फीत, पण सुरुवातीचा भाग फिकट पडलेला, जागोजागी आरपार दिसणारा. मग त्याची नजर डेकशेजारच्या डब्याकडे गेली. त्यात स्पिरिटची बाटली होती आणि कालचा कापसाचा बोळा.

"हे काय?"

"मळ. मी दर आठवड्याला पुसतो."

धाकट्याने बोळा दोन बोटांत धरला. मग अगदी हळू म्हणाला, "मळ नाही हा, दादा. फितीवरचा थर आहे. यातच आवाज असतो. घासला की निघतो."

बायकोने तोंडावर पदर घेतला. किती कापूस असा तपकिरी होऊन केराच्या टोपलीत गेला होता, आणि ती टोपली रोज तीच खाली नेऊन रिकामी करत होती.

"सगळं गेलं?" तिने विचारलं.

धाकट्याने कॅसेट पुन्हा लावली. बारा मिनिटं सरली. तेरावं लागलं आणि एकाएकी काचेवरची वाफ पुसावी तसा आवाज लख्ख झाला. वडील निरूपण सांगत होते. कोणा भित्र्या म्हातारीची गोष्ट होती. ती म्हणे देवाला विचारते, वर नेतोस ते ठीक, पण खाली कोण सोडणार? सभागृह हसलं. बायको रडता रडता हसली. धाकटाही हसला. चष्मेवाल्याला हसायला थोडा उशीर झाला. त्याने ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती.

धाकट्याने रेकॉर्डर लावून तेराव्या मिनिटापासून शेवटपर्यंत सगळं उतरवून घेतलं. वडील दोन-तीनदा म्हणाले, "आता सुरुवातीला जे पद गायलो ना, त्यात तेच आहे बरं." एवढं म्हणून ते पुढे जात.

कॅसेट संपली. धाकट्याने खिशातून पेन काढलं आणि गाडीच्या तिकिटाची पाठ गुडघ्यावर धरली.

"हरकत नाही. तू तर हजारदा ऐकलंयस. शब्द सांग, मी लिहून घेतो. चाल नसली तरी चालेल, मला कुठे गायचंय."

चष्मेवाल्याने डोळे मिटले. सगळं कसं लख्ख आठवत होतं.

"आधी खुर्ची करकरते. उजवीकडे, मागे. मग वडील घसा साफ करतात. मग श्वास घेतात, लांब, नाकाने. मग पहिली ओळ. ती खाली सुरू होते आणि शेवटचं अक्षर ते जरा धरून ठेवतात. तेवढ्यात डावीकडे कोणीतरी खोकतं."

"ओळ काय आहे?"

चष्मेवाल्याचे ओठ हलले.

"दादा, शब्द. पहिला एक शब्द सांग. लिफ्टबद्दल काय म्हणाले?"

तो आठवू लागला. अँप्लिफायर आठवले, एकामागून एक पाच. प्रत्येकावर ती खुर्ची कशी करकरली ते आठवलं. कोणत्या वायरीवर श्वास जास्त ओलसर वाटला, तेही आठवलं.

"वहिनी, तुम्हाला?"

"मला दाराआडून नुसतं घुमणं ऐकू यायचं रे."

धाकट्याने पेनाला टोपण लावलं. तिकीट घडी घालून खिशात ठेवलं. रेकॉर्डर पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या.

चष्मेवाला एकदम उठला. डेकमधून कॅसेट काढून त्याने धाकट्याच्या हातावर ठेवली. "तू ने. तुझीच आहे. ही आणि हवं तर मशीनसुद्धा ने."

धाकट्याने कॅसेटकडे पाहिलं आणि ती परत दादाच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली, अगदी हलक्या हाताने.

"राहू दे तुझ्याकडे. पुढच्या महिन्यात नवा डेक येतोय ना, तपासायला लागेल."

टोमणा असता तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं. पण तो मनापासून म्हणाला होता. दादाला आणखी काय लागतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"येतो, वहिनी," म्हणून तो जिना उतरला. बायको त्याला सोडायला खालपर्यंत गेली, आणि बराच वेळ वर आली नाही.