माळ्यावरचं डांगर

सबंध डांगराला बाईमाणसानं पहिला घाव घालायचा नसतो. का, तर डांगर म्हणजे घरातला थोरला लेक! बोरीच्या साळुबाईनं जन्मभर हे पाळलं, आणि त्यापायीच यंदा ती पेचात सापडली.

तिच्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं हे बियाणं. वरून करडं, आतून शेंदरी, आणि गोड असं की घारग्यांना गूळ निम्मा पुरे. गेल्या साली वेलांवर रोग पडला आणि हाती एकच फळ लागलं. कार्तिकात तोडून तिनं ते माळ्यावर चुंबळीवर ठेवलं. घाव घालायचा घरच्या गड्यानं, म्हणजे तिच्या लेकानं, भरतनं, आणि तो तर चाकणला कंपनीत! "आई, येत्या रविवारी नक्की," म्हणता म्हणता ज्येष्ठ लागला, पेरायचे दिवस आले.

त्या सकाळी सून वृषालीनं डांगर खाली उतरवलं न् ती ओरडली, "आत्या, बुडाला बोट रुततंय!"

साळुबाईनं स्वतः बोट दाबून पाहिलं. आत बी कुजलं असेल तर आईचं वाण संपलं. ओतूरच्या दुकानात संकरित मिळेल, हे कुठून मिळायचं?

"ह्यांना फोन लावू?"

"फोननं चिरतंय व्हय डांगर? आण तो कोयता!"

कोयता हातात आला तसा तिनं तो कपाळाला लावला. "थोरल्या, माफ कर रं बाबा," म्हणत तिनं घाव घातला.

डांगर उकललं आणि दोघी बघतच राहिल्या. बुडाशी चार बोटं नासलं होतं, बाकी गर लखलखीत. आणि मधल्या पोकळीत? अगं बाई गं! कितीतरी बियांना मोड आले होते. पांढऱ्या मुळ्या गरात शिरलेल्या, आणि त्या बंद अंधारात, ना माती ना ऊन, पिवळसर कोवळी पानं हात जोडल्यागत मिटलेली.

"आईशप्पत!" वृषाली पुटपुटली.

सात महिने साळुबाई लेकाची वाट बघत बसली, आणि इथं कुणाचीच वाट न बघता वेल निघाले होते. ती खालीच बसली न् घळाघळा रडली.

मग मोड मातीच्या कुंड्यांत लागले, शाबूत बी राखेत घोळलं गेलं, चांगल्या गराचे घारगे तळले. तेवढ्यात भरतचा फोन. "आई, रविवारी नक्की येतो डांगर चिरायला!"

गरम घारगा मोडत साळुबाई म्हणाली, "चिरायला नगं येऊ. वेलांना आळी खणायला ये."