चार वाजता चढणारी रेघ

हॉटेलच्या आचाऱ्याने माझी टोपली दुसऱ्यांदा परत केली. "काकू, दांडे वीतभर आणि टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या. पंधरा दिवसांत चांगले मशरूम आले नाहीत, तर मी दुसरीकडून घेणार." तीन वर्षं जीव ओतून उभा केलेला धंदा आणि मोठं गिऱ्हाईक हे एकच. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मोठ्या नणंदबाई इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी साबणाच्या डबीत बसवलेला मायक्रोकंट्रोलर आणून मशरूमच्या खोलीत टांगला. दर पाच मिनिटांनी तो खोलीतलं तापमान, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मोजून इंटरनेटवरच्या एका पानावर पाठवणार आणि वन्सं आपल्या घरी बसून ते आलेख बघणार. म्हणजे सासरच्या माणसाने माझ्या घरावर नजर ठेवायची, तीही माझ्याच विजेवर! पण गरज माझी होती.

डबी बघून ह्यांचा चेहरा मात्र उतरला.

"तिला ऐकू येतं का?" ह्यांनी विचारलं.

"नाही रे," वन्सं म्हणाल्या. हे खुलले.

चौथ्या दिवशी वन्संचा फोन आला. "अगं, रोज चार वाजले की कार्बन डायऑक्साइडची रेघ चढायला लागते. खोलीत हवा कोंडली की मशरूम नुसते माना ताणतात, टोपी धरत नाहीत. दार लावून आत बसतंय कोण?"

घड्याळात सव्वाचार झाले होते. मी तणतणत गेले आणि दार उघडलं. उपड्या बादलीवर बसून, डोळे मिटून, एक हात हवेत धरून हे गात होते. म्हणजे सूर एकीकडे आणि हे भलतीकडे.

"रोज?" मी विचारलं.

"दोन महिने झाले," हे खाली बघत म्हणाले. "इथे कुणी हसत नाही."

लग्नानंतर एकदा पाहुण्यांसमोर हे गायले होते आणि सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसले होते. त्याला एकवीस वर्षं झाली. मी तर विसरूनही गेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्यापासून बंद," बादली उचलत हे म्हणाले. "तुझा धंदा आधी."

दहा दिवसांनी आचाऱ्याने टोपली ठेवून घेतली, वर दुप्पट माल मागितला. चार वाजता वन्संचा फोन आला. "रेघ कशी सपाट झालीय बघ!" मी बघितलं ते ह्यांच्याकडे. सकाळचंच वर्तमानपत्र परत वाचत होते.

मी बादली आणून स्वयंपाकघरात उपडी घातली आणि दोन्ही खिडक्या उघडल्या.

"चार वाजले," मी म्हटलं. "बसा. मला ऐकायचंय."

मी चेष्टा करतेय का म्हणून त्यांनी माझा चेहरा निरखला. मग डोळे मिटले आणि सुरुवात केली. पाच वाजेपर्यंत मी एकदाही हसले नाही, आणि तीन वर्षांत धंद्यासाठीसुद्धा एवढे कष्ट मी उपसले नव्हते.