शिकवणीची फेरी

सासूबाई किंचाळली आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

बस जागच्या जागी थांबली. उभे होते ते एकमेकांवर आदळले, कुणाची तरी पिशवी घरंगळत पुढच्या दारापर्यंत आली. समोर, बंपरपासून हातभर अंतरावर, एक म्हातारा उभा होता. त्याची काठी खाली पडली होती. त्यानं वाकून ती उचलली, आणि चूक आपलीच असल्यासारखा एक हात वर करून तो पलीकडे निघून गेला.

"मधेच घुसला हो," कंडक्टरनं प्रवाशांना सांगितलं. "आमच्या ड्रायव्हरमुळे वाचला बिचारा."

म्हातारा मधेच घुसला नव्हता. सगळ्यांना दिसेल असा तो पांढऱ्या पट्ट्यांवरून सावकाश चालला होता. दिसला नव्हता तो एकट्या ड्रायव्हरला, कारण ड्रायव्हर त्या वेळी डावीकडे वर पाहत होता, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीकडे.

सासूबाई म्हणजे समोरच्या काचेवर बसवलेलं यंत्र. काड्यापेटीएवढा कॅमेरा. डेपोतल्या सगळ्या गाड्यांना ते बसवलं, तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरची त्याच्यासमोर एक शिकवणीची फेरी झाली. मान किती वळते, पापण्या किती मिटतात, नजर कुठे जाते, हे सगळं यंत्रानं एकेकाचं वेगवेगळं शिकून घेतलं. त्याहून निराळं काही दिसलं की ते किंचाळायचं, वर डेपोत चहाडीही करायचं. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघणार आणि जरा चुकलं की बोंब मारणार, तेव्हा नाव आपोआपच पडलं. ड्रायव्हरच्या बायकोला ते फार आवडलं होतं. "मला सासू मिळाली नाही, तुम्हाला मिळाली. भोगा आता," ती म्हणाली होती.

पुढे ती आजारी पडली आणि बसच्या वाटेवर जो चढ लागतो, त्यावरच्या याच इस्पितळात तिला ठेवावं लागलं. पलंग खिडकीशी होता. बसची वेळ झाली की ती काचेला तळवा टेकवून बसायची. खालून तो वर बघायचा, यंत्र किंचाळायचं, आणि बस चढ चढून जायची. नर्स एकदा त्याला म्हणाली होती, "गोळी घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, आधी बस जाऊ दे."

आता ती नव्हती. तो मात्र अजून वर बघत होता.

संध्याकाळी डेपो मॅनेजरनं त्याला आत बोलावून दार लावून घेतलं.

"वहिनी वर होत्या, तोवर मी या चहाड्या कानाआड केल्या," मॅनेजर म्हणाला. "करायला नको होत्या, पण केल्या. आता तिथं कोण आहे?"

"यंत्राला सवय लागली असेल, साहेब. चढ आला की वाजतं."

"बाकीच्यांचं नाही वाजत चढावर."

ड्रायव्हर टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

"मार्ग बदलून देऊ का तुम्हाला?"

"नको." तो इतक्या चटकन बोलला की मॅनेजरनंच नजर खाली घातली.

"मग असं करू. उद्या ती यंत्रवाली मुलगी येतेय. तुमची शिकवणी नव्यानं घेऊ. त्यानंतर एकदा जरी त्या चढावर वाजलं, तर चाक सोडायचं आणि यार्डात गाड्या धुवायच्या. आज तो म्हातारा वाचला. रोज कोण वाचवणार?"

बाहेर नळापाशी बारक्या थांबला होता. बारक्या म्हणजे कंडक्टर. तीन माणसांची जागा अडवणारा देह, म्हणून बारक्या.

"दादा, माझं ऐक," तो म्हणाला. "शिकवणीच्या फेरीत तू जे करशील, ते ती तुझा स्वभाव म्हणून धरते. तो जांभईबहाद्दर बघ. रात्रभर जागा राहून आला होता. फेरीभर आ वासून बसला. आता त्यानं कितीही जांभया दिल्या तरी सासूबाई म्हणते, असेल बाई, याच्या घराण्यातच असेल."

ड्रायव्हरला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"उद्या चढावर खुशाल मान वळव. चांगला पोटभर वर बघ. ती म्हणेल, हा माणूस असाच आहे. मग जन्मभर बघत जा, कुणाच्या बापाची भीती नाही."

ड्रायव्हर घरी गेला. दारावरची घंटा वाजवून उभा राहिला. मग आठवण होऊन त्यानं खिशातून किल्ली काढली. हेही रोजचंच झालं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तो बारक्याच्या बोलण्याचा विचार करत राहिला. बारक्या चुकीचं काही सांगत नव्हता. नुसतं एक नजर टाकणं. तेवढंच तर राहिलं होतं.

सकाळी बस रिकामी होती. यंत्रवाली मुलगी पुढच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. बारक्या मागे, उगाचच, तिकिटांचं मशीन गळ्यात अडकवून.

"काका, नेहमीसारखं चालवा बरं का," मुलगी म्हणाली. "परीक्षेला बसल्यासारखं नको. जुनं मी पुसलंय. आज तुम्ही जसे दिसाल तसेच तुम्ही, असं ती धरणार."

"आणि ती चुकीचं शिकली तर?"

"तिला काय कळतंय, काका. तुम्ही दाखवाल ते खरं."

बाजाराचा चौक गेला, शाळा गेली. चढ आला. मागे बारक्या खाकरला, मग पुन्हा खाकरला. डाव्या बाजूला इस्पितळाची भिंत सुरू झाली. रस्ता मोकळा होता. पट्ट्यांवर कुणीही नव्हतं. आज वर बघितलं असतं तरी कुणाच्या केसाला धक्का लागला नसता.

ड्रायव्हरनं स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याची मान आपल्या आपण वळू पाहत होती. त्यानं ती वळू दिली नाही. तो त्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघत राहिला, त्या चाकांखाली जाईपर्यंत. डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी पांढुरकं मागे सरकलं, तीच ती इमारत. मग चढ संपला.

डेपोत परत आल्यावर मुलगी खूश होती. "एकदम स्थिर, काका. मान जरासुद्धा हलली नाही. आता मात्र जपून हं. थोडी जरी वळली तरी पकडेल ती तुम्हाला."

"पकडू दे," तो म्हणाला.

ती गेल्यावर बारक्या उसळला. "वेडा आहेस तू, दादा. देव द्यायला आला आणि तू झोळी उलटी धरलीस."

"काल तो म्हातारा काठी उचलून उभा राहिला, तेव्हा त्याचं तोंड बघितलंस?"

"मी मागं होतो. मला कुठलं दिसणार?"

"त्यानं माझी माफी मागितली, बारक्या."

बारक्यानं गळ्यातलं मशीन काढलं, पुन्हा अडकवलं, आणि तो चहा आणायला गेला.

सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरनं खाकीऐवजी साधा शर्ट घातला. बायकोनं इस्त्री करून ठेवलेल्यांतला तो शेवटचा होता. थांब्यावर रांगेत उभा राहून त्यानं आपलीच बस धरली. चाकावर जांभईबहाद्दर होता. डाव्या बाजूची खिडकी बघून तो बसला.

बारक्या तिकिटं फाडत त्याच्यापर्यंत आला आणि थबकला.

"कुठं निघालास?"

"कुठं नाही. शेवटपर्यंत जाऊन परत."

बारक्यानं बाहेर बघितलं. मग खिडकीच्या दांडीला पिशवी अडकवून बसलेल्या पुढच्या माणसाला तो म्हणाला, "साहेब, ती पिशवी खाली घ्या. मागच्यांना दिसत नाही."

चढ आला. तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या खिडकीत कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. त्याच्या आडून एक अनोळखी बाई खाली रस्त्याकडे बघत होती. खिडकी मागे पडू लागली तशी ड्रायव्हरनं मान वळवली, आणखी वळवली, वळेल तेवढी वळवली.

पुढे जांभईबहाद्दरानं मोठी जांभई दिली. सासूबाईनं हूं की चूं केलं नाही.