तक्रार अशी काही नाही

रंगाऱ्याच्या घरात तक्रार हा शब्द फक्त दवाखान्यात निघायचा, आणि तिथेही तो डॉक्टरच काढायचे. "काय तक्रार?" असं त्यांनी विचारलं की रंगारी स्टुलावर ताठ बसून म्हणायचा, "तक्रार अशी काही नाही." पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हाही त्याने हेच सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी त्याला विचारायचं सोडून त्याचं रक्त तपासायला पाठवलं, आणि मालक जे लपवत होता ते रक्ताने भडाभडा सांगून टाकलं. मूत्रपिंडं कामातून गेली होती. लवकर बोलला असता तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता आठवड्यातून दोनदा शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. एवढं केलं तर माणूस जगतो. नाही केलं तर जगत नाही, आणि त्याला फार दिवसही लागत नाहीत.

त्याची बायकोही त्याच माळेतली. लग्न होऊन आली तेव्हा सासूने आल्यागेल्याला सांगितलं होतं, की सून गुणाची आहे, तोंडातून कधी ब्र काढत नाही. हे कौतुक तिने असं काही मनावर घेतलं, की सासू जाऊन कैक वर्षं झाली तरी ब्र आतच होता. रंगाऱ्याला गाडीतले लोक भाऊ म्हणायचे, म्हणून ती सगळ्यांची वहिनी झाली. आपणही तिला वहिनीच म्हणू.

गाडीचा पहिला डबा आजाऱ्यांसाठी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता. बाकीच्या डब्यांत संध्याकाळी बसायला जागा मिळायची नाही, आणि यंत्रावरून उठलेल्या माणसाने उभ्याने येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे दोघं पहिल्या डब्यात बसत. बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण होती ती यांच्या स्टेशनाला लागून असलेल्या फाटकाची. गाडी फलाटाला लागली की तिची शेपटी फाटकावर पडायची आणि मोटारवाले खोळंबायचे. मोटारवाल्यांनी तक्रार केली. रेल्वेने ती ऐकली, आणि गाडी जिथे थांबायची तिथली पाटी उपटून बरीच पुढे नेऊन रोवली. फाटक मोकळं झालं. फक्त गाडीचा पहिला डबा आता फलाट सोडून पुढे खडीवर उभा राहू लागला. म्हणजे साऱ्या गाडीत ज्या एका डब्यातल्या लोकांना उडी मारता येत नव्हती, नेमकी त्यांनीच उडी मारायची. असं मुद्दाम ठरवून करायला गेलं असतं तर कुणाला जमलं नसतं. न ठरवता ते झकास जमून गेलं.

डब्याची शेवटची पायरी आणि खडी यांच्यात जवळजवळ कंबरभर अंतर. रंगाऱ्याचा सगळा जन्म शिडीवर चढण्याउतरण्यात गेला होता. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने शिडी धरलेली, असा चढून त्याने दोन-दोन मजल्यांच्या भिंती रंगवल्या होत्या. त्याला ही एक पायरी उतरता येईना. काही दिवस डब्यातल्या लोकांनी काखेत हात घालून त्याला खाली घेतलं. एकदा त्याचा पाय खडीवर सटकला आणि गुडघा फुटला, तेव्हा एका धडधाकट माणसाने त्याला पाठुंगळी घेऊन फलाटावर आणून ठेवलं. फलाटावर ओळखीचे लोक होते. कुणी हसलं नाही. उलट सगळे हळहळले, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं.

घरी आल्यावर वहिनीने गुडघा धुतला, पट्टी बांधली. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी आता जायचा नाही."

"कुठे जायचे नाही?"

"इस्पितळात. असं उतरवून घ्यायला मी काय पोतं आहे?"

तिने समजावलं, अबोला धरला, रडून पाहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. ठरलेल्या दिवशी तो खरोखरच गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चेहरा सुजला होता आणि मोरीपर्यंत जाऊन येईतो त्याला धाप लागली. वहिनीने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की एक खेप चुकली ती चुकली, पुढची चुकली तर मग मला फोन करून उपयोग नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात जंक्शनवर रेल्वेच्या मोठ्या साहेबांनी प्रवाशांची सभा बोलावली होती. कुणाचं काय म्हणणं असेल ते समक्ष येऊन सांगा, असं प्रत्येक डब्यात कागद चिकटवून कळवलं होतं. प्रवासी मंडळाचे चिटणीस होते मास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांना आपल्या ओसरीवर बोलावून बोलण्याची तालीमच घेतली. त्यांचं म्हणणं असं, की साहेबलोक तक्रार या शब्दाला बिथरतात. सुरुवात गोड करायची, "तक्रार अशी काही नाही, पण," असं म्हणायचं आणि मग मुद्दा अलगद पुढे सरकवायचा. सगळ्यांना ते पटलं. न पटायला काय झालं? ताकाला जाऊन भांडं लपवणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मास्तरांनी ते फक्त घोटून घेतलं.

सभा स्टेशनावरच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत भरली. लांबलचक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, करकरणारा पंखा. साहेब दमलेले पण सभ्य होते, प्रत्येकाचं मान हलवत ऐकत होते. त्यांच्या शेजारी एक बाई कॉम्प्युटरवर सगळं टाइप करत होत्या. नळाला पाणी नसतं हे सांगणारा उठला, त्याची तक्रार अशी काही नव्हती. संडासाला कडी नाही म्हणणाऱ्या बाईंची तर मुळीच तक्रार नव्हती. जिन्यात दिवे लागत नाहीत म्हणून घसरून पडलेला एक विमा एजंट, हाताला प्लास्टर, तोही म्हणाला की तक्रार म्हणून नाही सांगत.

वहिनीची पाळी आली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाली की तक्रार अशी काही नाही, पण आमचा राखीव डबा फलाटाच्या जरा पुढे थांबतो, जरा मागे थांबला तर बरं होईल, माणसं आजारी असतात. एवढं बोलून खाली बसली. मास्तरांनी शाबासकीची मान हलवली, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही बरंच वाटलं.

शेवटी साहेबांनी त्या बाईंना टाइप केलेलं वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी एका सुरात वाचलं. नळाबद्दल, तक्रार नाही, सूचना, नोंद घेतली. संडासाबद्दल, तक्रार नाही, सूचना, नोंद घेतली. जिना तसाच, राखीव डबाही तसाच. प्लास्टरवाल्याने विचारलं की सूचना आणि तक्रार यात फरक काय. साहेबांनी शांतपणे समजावलं. तक्रार आली की रेल्वेला माणूस पाठवून जागेवर बघावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. सूचना आली की तिची नोंद घेतात. मग ते मनापासून म्हणाले, की आज एवढे लोक येऊन एकाचीही तक्रार नाही, याचा मला फार आनंद आहे.

यात त्यांचा कावा नव्हता, हे लक्षात घ्या. लोक जे बोलले तेच त्यांनी ऐकलं होतं. मास्तर गडबडीने उठले आणि म्हणाले की साहेब, तसं नव्हे, म्हणजे आमची नाराजी अशी नाही, पण... आणि "पण"च्या पुढे त्यांना रस्ताच सापडेना. त्या बाईंनी मान वर करून विचारलं, हे लिहू का?

वहिनीच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातलं ते स्टूल आलं. त्यावर ताठ बसलेला नवरा, चपलेबाहेर आलेले त्याचे पाय, आणि तक्रार नाही म्हणणारं त्याचं तोंड. तिला एकदम राग आला. नवऱ्याचा आला, सासूचा आला, मास्तरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. ती उभी राहिली.

"बाई, माझ्या नावापुढचं पुसा."

"काय पुसू?"

"तक्रार नाही, ते पुसा. माझी तक्रार आहे." ती खुर्चीची पाठ सोडून टेबलापर्यंत पुढे गेली. "माझा नवरा त्या पायरीवरून उतरू शकत नाही. मागे एकदा पडलाही. आता तो इस्पितळात जायला तयार नाही, आणि गेला नाही तर मरेल. ही सूचना नाही."

साहेबांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "फाटकावरच्या लोकांनी आमच्याकडे तक्रार केली होती. तुमच्यापैकी कुणी केलीच नाही."

"आता करते आहे," वहिनी म्हणाली.

साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. लगेच प्लास्टरवाल्याने प्लास्टरचाच हात वर केला, की माझीही पुसा. मग नळ, मग संडास. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे सगळ्यांनाच एकदम आठवलं. मास्तर मात्र खाली मान घालून चहाच्या रिकाम्या कपात बघत बसले होते.

पण साहेबांनी एक अट सांगितली. परवा, रंगाऱ्याच्या पुढच्या खेपेच्या दिवशी, संध्याकाळच्या गाडीला रेल्वेचा तपासनीस त्या जागी उभा राहील. ज्याला त्रास होतो त्याने स्वतः तिथे हजर असायला हवं, आणि त्याने स्वतः सांगायला हवं. बायकोचं सांगणं चालणार नाही.

वहिनी घरी आली. रंगारी पाय उशीवर ठेवून पडला होता. परवा यावं लागेल म्हणून तिने सांगितलं, तसा तो चिडला, मला कशाला मध्ये ओढलंस म्हणाला. ती म्हणाली की मी भर सभेत उभं राहून तक्रार केली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तू?"

"मी."

"काय सांगितलंस?"

"नवरा मरेल म्हणून सांगितलं."

त्याने उशीवरचे पाय खाली घेतले. मग म्हणाला की बरं, पण ही शेवटची खेप.

ठरल्या दिवशी तो गेला, यंत्राला जोडून घेतलं, आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं परतली. गाडी फलाट सोडून पुढे जाऊन थांबली. खाली खडीवर तपासनीस पॅड घेऊन उभा होता. रंगारी दाराशी आला, दांडा धरून उभा राहिला. पाठीमागे डब्यातले लोक, तिकडे फलाटाच्या टोकाशी आणखी लोक, मास्तरसुद्धा. तपासनिसाने वर बघून विचारलं, "काका, तक्रार तुमचीच ना? इथे उतरायला त्रास होतो?"

"त्रास असा काही..." रंगाऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

वहिनी पिशवी घेऊन त्याच्या मागेच होती. बोलावंसं वाटत होतं, पण बोलून चालणार नव्हतं. तिचा ब्र तिने काढला होता, आता हा त्याने काढायचा होता. रंगाऱ्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग खाली पायरीकडे पाहिलं.

"जन्मभर शिडीवर काम केलं मी," तो म्हणाला. "ही पायरी मला उतरता येत नाही. पायांत जोर नाही. तक्रार आहे."

तपासनिसाने लिहून घेतलं. रंगारी म्हणाला, "आता हात द्या." त्या माणसाने पॅड खडीवर ठेवलं आणि दोन्ही हात दिले.

पुढे रेल्वेने थांब्याची पाटी हलवली नाही. फाटकावरच्यांचंही खरंच होतं. रेल्वेने फक्त पहिल्या डब्यावरची राखीव लिहिलेली पट्टी काढली आणि मधल्या डब्यावर नवी लावली. एवढ्याशा कामासाठी एवढं रामायण झालं. मधला डबा फलाटाच्या बरोबर मध्यावर थांबतो, आणि रंगारी आपल्या पायांनी उतरतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "काय तक्रार?" आणि कागदावर काही नाही असं लिहायला पेन टेकवलंसुद्धा. रंगारी सुरू झाला. मधल्या डब्यापर्यंत शहराच्या स्टेशनात लांब चालावं लागतं. वाटेत एकच बाक, तोही डुगडुगतो. ती नवी पट्टी कुणी रंगवली कोण जाणे, अक्षरं तिरकी आहेत आणि रंगाचा एकच हात मारलाय, पावसाळ्यात उडून जाईल. डॉक्टरांनी हसून पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाले की हे झालं रेल्वेचं, तब्येतीचं काय?

रंगारी थांबला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या वहिनीला वाटलं, आता गाडी परत जुन्या रुळावर जाणार.

"झोपेत पायांत गोळे येतात," तो म्हणाला. "धाप लागते. आणि भीती वाटते."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा शब्द वहिनीने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला रडू आलं, आणि खूप बरंही वाटलं. डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं.

"भीती कधीपासून वाटते?"

"पहिल्यापासून," रंगारी म्हणाला.